नागराज अण्णांचा पाय

निपाणीची शिवलीला लग्न होऊन बेंगळुरूला आली आणि होसकोट्याच्या एका छोट्या कारखान्यात कृत्रिम पाय बनवायला लागली. कार्बनच्या काळ्या कापडाचे थर साच्यात बसवायचे, मध्ये राळ भरायची, भट्टीत भाजायचं. कामात तिचा जीव रमला.

गेल्या वर्षी मात्र वाईट घडलं. चिकपेटेत साड्यांच्या दुकानात काम करणारे नागराज अण्णा जिना उतरत होते आणि तिने केलेला पाय मधूनच फाकला. कठडा हाती लागला म्हणून वाचले.

"माझंच वजन वाढलंय, अक्का," ते हसून म्हणाले. ते रागावले असते तर बरं, असं तिला झालं. आपणच थर नीट दाबले नसणार, हे मनातून जाईना. घास गोड लागेना.

कारखान्यातल्या इंजिनिअर अभिराजने तुटका पाय कापून तिला भिंगाखाली दाखवला. "बघा ताई, धागे शाबूत आहेत. थरांमधली राळ तडकलीय. तुमचा हात नाही चुकला."

मग राळेत कार्बनच्या नॅनोनळ्या मिसळायचं ठरलं. केसापेक्षा हजारो पटींनी बारीक नळ्या. तडा जाऊ लागला की दोन्ही कडा धरून ठेवतात. पहिल्या खेपेला उत्साहात दोघांनी जास्तच घातल्या. राळ डांबरासारखी घट्ट झाली, गुठळ्या राहिल्या आणि चाचणीच्या यंत्रावर तो पाय जुन्यापेक्षाही लवकर गेला. अभिराज डोकं धरून बसला.

पुढच्या वेळी नळ्या अगदी थोड्या घेतल्या. गुठळ्या मोडेपर्यंत राळ यंत्राच्या फिरत्या रुळांमधून पुन्हा पुन्हा काढली. नवा पाय यंत्र कित्येक आठवडे दाबत राहिलं. शिवलीला आली की आधी तिकडेच धावायची.

"ताई, तडा नाही!" एके दुपारी अभिराज ओरडला. तिने स्वतः भिंग घेऊन कडा न कडा पाहिली. खरंच नव्हता.

नागराज अण्णा आले. नवा पाय घालून कारखान्याचा जिना चढले. ती खाली हात पसरूनच उभी राहिली.

"स्वल्प कडक वाटतोय," ते वरून म्हणाले. मग कठड्याला न धरता पायरी पायरी उतरत आले. "सरी अक्का, ठीक आहे, झकास!"

शिवलीला पायरीवर बसली, रडता रडता हसायला लागली.

"उठा की अक्का," अण्णा म्हणाले, "मला परत चढायचंय."