अभ्यासाला बसणारी बॅग

विद्यापीठाच्या अभ्यासिकेतली पंख्याखालची खुर्ची आमच्या एका सिनिअरची आहे. म्हणजे त्याच्या बॅगेची. सकाळी दार उघडताच तो बॅग तिथे ठेवतो आणि समोरच्या टपरीवर जातो. हातात समोसा धरून, असाइनमेंट, प्रॅक्टिकल आणि सेमिनार एकाच आठवड्यात कसे सांभाळायचे, याचं ज्ञान ज्युनिअर पोरांना वाटत उभा राहतो. "लोड काहून घेऊन राहिला बे? टाइम मॅनेज कर. माझ्याकडं पाह्य." पोरं पाहतात. मीही वर्षभर पाहतोय, पण त्याच्या हातात पुस्तक काही दिसलेलं नाही.

सेमिस्टर संपत आलं की अभ्यासिकेत बसायला जागा मिळत नाही. परवा माझ्या वर्गातली मुलगी हुडकेश्वरहून दोन बस बदलून आली, त्याची बॅग टेबलाखाली ठेवली आणि लिहायला बसली. बऱ्याच वेळानं हा तोंड पुसत आला. "इथं मी अभ्यास करून राहिलो ना वं," तो दुखावल्यासारखं म्हणाला. वाद घालण्यात वेळ जाईल म्हणून तिनं वही आवरली आणि बाहेर जिन्यावर जाऊन बसली. यानं बॅग झटकली, लेकराला बसवावं तशी खुर्चीत बसवली आणि पुन्हा चहाला निघाला.

जिन्यात तिच्यापाशी थांबून म्हणाला, "टेन्शन नको घेऊ. तुझं प्लॅनिंगच नाही वं."

तिनं मान वर केली नाही. फक्त पाय आखडून त्याला उतरायला वाट दिली.