घंटा रोमला गेलीय

दुसऱ्या महायुद्धात जर्मन शिपायांनी गावच्या चर्चची घंटा दोरखंडांनी खाली उतरवली आणि तोफांसाठी वितळवायला नेली. आडवं कोण जाणार? नेकेल बेकरीवाला म्हणायचाच, "आपलं लक्झेंबर्गचं सैन्य म्हणजे बँडपथक. गोळी झाडण्याआधी सूर लावत बसतील!"

नवरा गेल्यापासून घंटेचा दोर ट्रिनीच्या हातात होता. ती वाजवी तेव्हा गाव उठे, जेवे, दिवे लावी. तिचा आंधळा भाऊ योस्ट तर दिवस कानांनीच ओळखायचा.

ईस्टरआधीचे तीन दिवस घंटा वाजत नाहीत. त्या रोमला गेल्यात म्हणायचं, आणि पोरांनी लाकडी खडखडं वाजवत दारोदार वेळ सांगत फिरायचं. ट्रिनीनं भर नोव्हेंबरात तेच खडखडं काढलं.

"अगं बये, ईस्टर कुठाय अजून!" नेकेल खिडकीतून ओरडला. "तुझ्या आवाजानं पाव फुगेनात माझे!"

"घंटा रोमला गेलीय. येईस्तोवर हेच."

"आणि नाहीच आली तर?"

"तर तुझे कान गेले कामातून!"

हिवाळाभर ती बर्फ तुडवत फिरली. वसंतात नवा जर्मन अधिकारी आला. बेकरीसमोर पावासाठी रांग लागली होती, तिथेच त्यानं तिला अडवलं.

"हा काय तमाशा?"

"घंटा रोमला गेलीय, साहेब."

"रोममध्ये आमचे दोस्त आहेत."

"मग विचारा की त्यांना, कधी धाडताय परत!"

रांग खदखदून हसली. अधिकाऱ्यानं खडखडं बुटाखाली चिरडलं. "पुन्हा वाजवलंस, तर तू आणि तुझा भाऊ पूर्वेच्या गाडीत!"

माणसं त्या गाडीनं गेली की परतत नसत.

सांजावलं. ट्रिनी उंबऱ्यात बसून होती, रिकामे हात मांडीवर. आतून योस्टनं विचारलं, "ट्रिने, संध्याकाळ नाही झाली अजून?"

ठक. ठकठक. ठक.

नेकेल दारात कणकेची लाकडी परात उपडी धरून लाटण्यानं बडवत होता. कोपऱ्यावरचा शिपाई धावला. "ए! काय चाललंय?"

"पीठ झाडतोय! त्यालाही परवानगी लागते?"

तोवर पलीकडे चांभाराची हातोडी सुरू झाली. मग कुणाचं तरी दार, कुणाची तरी बादली. शिपाई गल्लीच्या मधोमध उभा राहून नुसता मान वळवत राहिला.

"झाली वाटतं संध्याकाळ," योस्ट म्हणाला, आणि चाचपडत टेबलाशी येऊन बसला. "पण हे वाजवतंय कोण? ताल नाही, काही नाही."

"नेकेल," ट्रिनी डोळे पुसत म्हणाली. "गाढवाला उद्या शिकवते."