मागचा डावा कोपरा

गाडी बसायला लागली तेव्हा मी जेमतेम चौसष्टची होते. पोरवयच ते. अक्कल यायला अजून अवकाश होता, संशय मात्र पिकून तयार होता.

आमच्या ह्यांच्या दुखऱ्या कमरेसाठी मुलाने सुरतेहून एक वापरलेली, पण थोर घराण्यातली परदेशी गाडी पाठवली. तिला स्प्रिंगा नाहीत, हवेचे फुगे आहेत. हवा भरून, सोडून ती आपली उंची आपणच सांभाळते, असं त्याने फोनवर समजावलं. काही महिने सांभाळली. मग एका सकाळी कोरीट गावातल्या आमच्या अंगणात तिचा मागचा डावा कोपरा खाली टेकलेला. चाक आणि वरचा पत्रा यांच्यात एरवी माझी वीत मावायची, आता जेमतेम तीन बोटं.

"बसी गई," ड्रायव्हर म्हणाला.

"आपोआप कशी बसस? म्हैस शे का ती?"

आमच्याकडे तो अकरा वर्षं होता. तरी त्या सकाळी मी त्याच्याकडे नव्या सुनेकडे बघतात तसं बघितलं. त्याने इंजिन चालू केलं, गाडी कण्हत वर आली, दोन दिवसांनी पुन्हा बसली. मी ताडलं. मिरचीचे दिवस होते. हा माझ्यामागे गाडीतून बाजाराची पोती वाहतोय, त्याशिवाय एकच कोपरा दबतो कसा? मी डिकीत डोकं घातलं आणि सडकून शिंकले. झालं, पुरावा मिळाला. त्या दिवसांत आमच्याकडे देव्हाऱ्यात डोकं घातलं तरी शिंक येते, हे त्या चौसष्टच्या शहाणीला सुचलं नाही.

मग मी टायरवर खडूच्या रेघा ओढायला लागले. किलोमीटरचे आकडे कॅलेंडरच्या पाठीवर लिहायला लागले. शेवटी मुलाला फोन लावून म्हटलं, ह्याला काढ.

"आधी गाडी दाखवून घे, आई. त्याची चूक निघाली तर सोमवारपासून नको म्हणू."

फोन स्पीकरवर होता आणि ड्रायव्हर समोर काच पुसत होता. त्याच्या थोरलीचं कॉलेज नुकतंच सुरू झालेलं. त्याने पुसलेलीच काच पुन्हा पुसली.

शनिवारी विसरवाडीला गेलो. हायवेवर ट्रकांचं वायरिंग करणारा एक मिस्त्री होता, गाडीतली वीज त्याच्याइतकी कुणाला कळत नाही म्हणत. ड्रायव्हर आणि तो आपसात काही ठरवतील म्हणून मीही गेले, आणि स्टूल मागून घेऊन मागच्या चाकापाशीच बसले.

मिस्त्रीने फुग्याला आणि नळ्यांना साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा आला नाही.

"हवा कुठं गळत नाही."

मी ड्रायव्हरकडे बघितलं. म्हणजे कुणीतरी सोडतंय.

मग मिस्त्रीने मीटर काढलं. एक टोक बॅटरीला, दुसरं डिकीतल्या एका बोल्टला. ड्रायव्हरला गाडी चालू करून वर उचलायला लावली आणि आकडा बघून मला म्हणाला, "आजी, याला अर्थ नाही."

मला झोंबलं. शाळेत मराठीत माझा पहिला नंबर असायचा. "आम्ही एवढ्या लांबून आलो, आणि तुम्ही म्हणता अर्थ नाही?"

"अर्थिंग, आजी. काळी तार. वीज परत जायचा रस्ता. इथं आकडा शून्याजवळ पाहिजे, तर दोन दाखवतोय. रस्ता अडला की गाडीला चाकाची उंची चुकीची कळते. तिला वाटतं आपण फार वर आलो, मग तीच हवा सोडते."

त्याने डिकीतला गालिचा उचलला. बोल्टखाली एक बारीक तार वेडीवाकडी कोंबलेली, त्यामुळे बोल्ट नीट बसलाच नव्हता. "ही कुणाची?" म्हणत त्याने तार ओढली. ती सीटखालून निघाली आणि माझ्या पंख्यापाशी जाऊन थांबली.

एसीची हवा माझ्या गुडघ्यात शिरते, म्हणून गाडी बसायच्या आठवडाभर आधी ट्रॅक्टर सजवणाऱ्या दुकानात मी मागच्या सीटला तळहाताएवढा पंखा बसवून घेतला होता. मुलापासून लपवून. ड्रायव्हरला बजावलं होतं, दादाला सांगायचं नाही.

"तुले माहीत व्हतं?" मी विचारलं.

"पंखा माहीत व्हता, माय. तारनं माहीत नव्हतं."

"मग फोनवर बोलना का नही?"

"तुम्हीच सांगेल व्हतं ना, बोलू नको."

मिस्त्री खाली मान घालून बोल्ट घासत होता, पण त्याचे खांदे हलत होते. बोल्ट चकचकीत करून, आवळून त्याने पुन्हा मीटर लावलं. आकडा शून्यापाशी आला.

मी म्हटलं, चला घरी. ड्रायव्हर दाराशी उभाच.

"पहिले दादाले फोन लावा. परवा सोमवार शे."

लावला. "अरे, काही नाही, एक तार सैल झाली होती," मी सुरुवात केली.

"आपोआप?"

माझाच प्रश्न, माझ्याच पोटच्याने विचारला. मग सांगितलं सगळं. पंखा, खडू, शिंक. याने काही केलेलं नाही, हेही सांगितलं, जरा मोठ्याने. पलीकडून मुलाने सगळं ऐकून घेतलं. मग, "त्याला फोन दे."

ड्रायव्हर माझा फोन घेऊन चहाच्या टपरीपर्यंत गेला. मी कान लावला, पण एकामागून एक ट्रक. तो दोनदा हसला, तेवढं दिसलं. परत आला, फोन दिला, माझ्यासाठी मागचं दार उघडलं.

"सोमवारे येशी ना?"

"येसू."

"दादा काय बोलना?"

"गाडीनंच बोलणं व्हतं, माय."

गाडीबद्दल, त्या काळ्या तारेबद्दल बोलताना माणूस दोनदा हसत नाही. आजही मी मधूनच विचारते, आणि तो आरशात न बघता गिअर टाकतो.