वाचल्याशिवाय केलेल्या सह्या

एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या इतक्या उंच आहेत की टोकावर जाऊन बसलं तर त्र्यंबकेश्वरच्या देवळात आत्ता आरती चालू आहे की नैवेद्य, हे सांगता येतं. मी स्वतः चढलेलो नाही. पण सव्वीस वर्षं त्यांच्या पायथ्याशी नोकरी केली आहे, तेव्हा एवढी थाप मारण्याचा हक्क मला आहे. कंट्रोल रूममधले लाल-हिरवे दिवे मी इतके पाहिलेत की दिवाळीत घरी दिव्यांची माळ लावली की माझा हात आपोआप बटण शोधायला लागतो. ही थाप नाही. बायकोला विचारा.

आमच्या कामात एक रिवाज आहे. पाळी संपली म्हणून कोणी उठून चालू पडत नाही. पुढच्या पाळीचा माणूस येतो, लॉगबुक उघडतो, मागच्या आठ तासांत काय काय झालं ते ओळ न् ओळ वाचतो, शंका विचारतो, खाली सही करतो आणि मोठ्याने म्हणतो, "चार्ज घेतला." तोवर खुर्ची सोडायची नाही. मला हे शिकवलं आमच्या जुन्या शिफ्ट इन्चार्जनी. त्यांचा आवाज असा की त्यांच्यासमोर बॉयलरसुद्धा दबून बोलायचा. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी न वाचता सही ठोकली. त्यांनी वही बोटाने झाकली.

"काय लिहिलंय?"

मी बोटाच्या कडेने वाचायचा प्रयत्न केला.

"मग ही सही कशाची? ऑटोग्राफ दिलास? सिनेमात आहेस तू?"

तेव्हापासून आजतागायत मी न वाचता एकदाही सही केली नाही. म्हणजे, प्लांटमध्ये.

घरची गोष्ट वेगळी. बायको नाशिकरोडच्या एका शाळेत मराठी शिकवते. माझ्या फिरत्या तीन पाळ्या आणि तिची सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंतची शाळा यांचा मेळ असा की आमचा निम्मा संसार जेलरोडच्या आमच्या इमारतीच्या जिन्यात झाला. मी चढतोय, ती उतरतेय. लेक लहान होती तेव्हा तिची समजूत होती की बाबा नावाचे तीन वेगवेगळे लोक आहेत आणि ते आठवडे वाटून घेतात. यावर मी एक अक्कल लढवली. घरातही लॉगबुक सुरू केलं. दोनशे पानी वही, फ्रिजच्या डोक्यावर, सुतळीने बांधलेलं पेन. बाहेर जाणाऱ्याने लिहायचं, घरी येणाऱ्याने वाचून सही करायची. 'दूध तापवलंय. भात कुकरमध्ये. लेकीला खोकला, औषध एकदा दिलंय.' या शोधाचं मी इतकं कौतुक सांगत फिरलो की सोसायटीत अजून दोन-तीन जण मानतात, जपानची माणसं येऊन त्या वहीचे फोटो काढून गेली.

मग गेल्या दोनेक वर्षांत माझं डबल ड्यूटीचं वेड वाढलं. कोणाचा बदली माणूस आला नाही की फोन मला. मी कधी नाही म्हटलं नाही. माझा पक्का समज होता की मी खुर्ची सोडली तर आधी नाशिक अंधारात जाईल, मग मालेगाव, मग हळूहळू दिल्ली. सोळा सोळा तासांनी घरी यायचो, अर्धे डोळे मिटून वहीत सही करायचो आणि पलंगावर कोसळायचो.

यंदाच्या थंडीतला एक बुधवार. माझी साप्ताहिक सुट्टी. बायको आणि लेक आपापल्या शाळेत. गॅस सिलिंडर संपत आल्यासारखा वाटला म्हणून तो कधी लावला ते बघायला मी चहा घेऊन वही मागे चाळायला लागलो. सिलिंडर सापडला नाही. वाघ सापडला.

'७.०५. पोळ्या डब्यात. बाल्कनीत वाघ बसला आहे. त्याला कालचं वरण घातलं, आवडलं नाही.' खाली माझी सही.

'७.००. वाघ अजून आहे. लेकीला क्लासला सोडायचं काम त्याला दिलंय.' सही.

'७.१०. तुमच्या आईंचा फोन होता. वाघाला घेऊन जेवायला या म्हणाल्या.' सही. झोकदार, खाली दोन रेघा मारलेली.

मी एकटाच इतका हसलो की खालच्या मजल्यावरच्यांना पाण्याचा पंप चालू झाला असं वाटलं असेल. हसत हसत पान उलटलं.

'७.००. वाघ गेला. काल लेकीच्या नाटकाला मी पहिल्या रांगेत दोन खुर्च्या धरल्या होत्या. एकीवर पर्स ठेवली.' सही.

'६.४५. आज खूप एकटं वाटतंय. एवढंच.'

त्याच्याखालीही सही. दोन रेघांसकट.

चहा गार झाला. पुढचं पान सोमवारचं. 'मुख्याध्यापिकेची जागा मला देतायत. बुधवारी दुपारी तीनच्या आत लेखी कळवायचंय. सकाळी साडेसहाला पोचावं लागेल. घर निदान अर्धं तरी तुम्हाला घ्यावं लागेल. दोनदा तोंडी विचारलं, तुम्ही हं म्हणालात. ते हं धरून मी हो कळवणार नाही. काय ते लिहा.' मी काय लिहिलं होतं? सही.

आणि शेवटची नोंद, त्या बुधवारच्याच सकाळची, माझ्या सहीची वाट बघणारी. 'नकार लिहून पर्समध्ये ठेवलाय. मटकीची उसळ फ्रिजमध्ये.'

वीस वर्षं ती शाळा माझी बायकोच चालवत होती. खुर्चीत फक्त दुसरं कोणीतरी बसायचं. वेळापत्रक ती लावायची, भांडणारे पालक ती शांत करायची, आणि कागद फक्त सहीला वर पाठवायची. ती खुर्ची तिला हवी होती हे मला ठाऊक होतं, कारण तिने ते कधीच बोलून दाखवलं नव्हतं. घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं. वर्गात ती फोन उचलत नाही. मी वही शर्टात खुपसली आणि स्कूटर काढली. त्या दिवशी ओझरच्या विमानतळावर रडारवर एक लहानसा ठिपका जेलरोडवरून सरकताना दिसला असेल, तर तो मी.

शिक्षकांच्या खोलीत ती वह्या तपासत बसली होती. बाजूला तीन शिक्षिका डबे उघडून जेवत होत्या. मला दारात बघून ती उभीच राहिली.

"अहो, लेक बरी आहे ना?"

"बरी आहे. चार्ज घ्यायला आलोय."

मी वही टेबलावर ठेवली. तिने वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सही झालीय तुमची."

"खोटी होती ती."

"माहितीये."

"कधीपासून?"

"वाघाच्याही आधीपासून. वाघ तर नंतर खात्री करायला आणला." जेवणाऱ्या बायकांचे चमचे थांबले.

मी उभ्यानेच वाचायला लागलो. कंट्रोल रूममध्ये वाचतो तसं, मोठ्याने, एकही ओळ न गाळता. वाघापाशी थांबलो, कारण शंका विचारणं हा रिवाज आहे. "वरण का आवडलं नाही त्याला?"

"तुम्ही केलेलं होतं."

एका बाईंना ठसका लागला. खुर्चीवरच्या पर्सची ओळ वाचली. पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. कसंबसं वाचलं आणि म्हणालो, "इथं शंका नाही. इथं फक्त वाचलं." ती खिडकीबाहेर बघत होती. खिडकीबाहेर काही नव्हतं, मैदान होतं.

"मुख्याध्यापिकेची जागा," मी म्हणालो. "हो कळव. अर्धं घर घेतो."

"अर्धं म्हणजे कुठलं? हॉल की गॅलरी?"

"सकाळ. चहा, डबे, लेकीचं आवरणं."

"आणि डबल ड्यूटी?"

नेमका तेव्हाच फोन वाजला. खरंच वाजला. मला माहितीये, इतक्या थापांनंतर यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. प्लांटमधून होता. दुपारपाळीचा माणूस येत नाहीये, येता का? मी म्हणालो, "नाही जमणार. दुसरीकडे चार्ज घेतलाय." पलीकडच्याने चुकीचा नंबर लागला का ते बघायला फोन इतका लांब धरला की मला मागचा टर्बाइन स्वच्छ ऐकू आला.

"दिल्ली अंधारात गेली तर?" बायकोने विचारलं.

"मेणबत्त्या असतील त्यांच्याकडे."

तिने पर्समधून नकाराचा कागद काढला. फाडला नाही. ती शिक्षिका आहे, पाठकोरा कागद वाया घालवत नाही. मला दिला नि म्हणाली, "किराणाची यादी करा यावर. उद्यापासून तुम्हालाच लागेल." मग कोरा कागद ओढला आणि होकार लिहायला बसली. तीनला दहा कमी होते.

सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही. मी सहकाऱ्यांशी अदलाबदल करून सकाळपाळी जवळपास सोडलीये, पण रात्रपाळीचा आठवडा आला की गाडी अडते. तेव्हा नववीतली लेक स्वतःचा डबा स्वतः भरते आणि वहीत माझ्याविरुद्ध तक्रार लिहिते. प्लांट माझ्या जादा पाळ्यांशिवायही नीट चालतोय. याचा मला थोडा रागच येतो.

पण बाकीच्या दिवशी सकाळी सहाला बायको साडी नेसून दारात उभी असते, चप्पल घातलेली, आणि मी वाचेपर्यंत जात नाही. काल लिहिलं होतं, 'वाघ परत आलाय. तुमच्या पोळ्या बघून कपाटामागे लपलाय.'

"शंका आहे," मी म्हणालो. "कपाट भिंतीला टेकलेलं आहे. मागे मावला कसा?"

"पोळी खाऊन बारीक झालाय. सही करा, उशीर होतोय मला."

सही केली. मोठ्याने म्हणालो, "चार्ज घेतला." मग ती जिना उतरली आणि मी तवा चढवला.