बांगड्यांचा हात

मंचरच्या दवाखान्यात एकदा माझ्या शेजारी बाजारात कांदे निवडणारी एक बाई बसली होती. संधिवातानं तिचा उजवा हात सुजून वाकडा झालेला. पदराबाहेर दिसणारी डाव्याची बोटं मात्र सरळ, मनगटात हिरव्या बांगड्या. मी तेव्हा चाळिशीची, म्हणजे सर्वज्ञ. म्हटलं, “डाव्या हाताला जे तेल लावता, तेच या उजव्यालाही लावा की.”

ती हसली. उजव्या मनगटानं डावा हात उचलून तिनं माझ्या मांडीवर ठेवला. गार, लुळा.

“लहानपनीच पोलिओनं मारलाय, ताई. वात मेल्या हाताला शिवत न्हाई. डॉक्टरला म्हनलं, ह्या उजव्यालाबी मारा, दुखायचा तरी थांबंल.”

“मग?”

“म्हनले, जेवशील कशानं?”

तो हात मांडीवरून उचलून तिला परत द्यायचा मला धीर होईना.