नायकाचं नाव राहून गेलं

दौंडच्या एका साप्ताहिकाला नाट्यसमीक्षक हवा होता. संपादकांच्या मते मी त्या कामाला अगदी योग्य होते: शिरूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेली आणि कोणाशी न बोलणारी. पहिली गोष्ट विद्वत्तेची खूण, दुसरी निःपक्षपातीपणाची. मराठी लिहिताना मला घाम फुटतो, हे त्यांनी विचारलं नाही.

तोवर तिथली समीक्षा ठरलेली होती. नारळ कोणी फोडला, शाल कोणाला दिली आणि जागा उरलीच तर 'नाटकही रंगले.' मी मात्र पुस्तकं वाचून तयार झाले होते. आमच्या गावच्या हौशी मंडळाच्या ऐतिहासिक नाटकावर मी लिहिलं, 'नायकाचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे पोचला नाही. विंगेतून संवाद सांगणाऱ्याचा मात्र मंडपाबाहेरही ऐकू आला. वीरमरण आल्यावर नायकाने मुंडासे सरळ केले.' सभ्यपणा म्हणून नटाचं नाव टाळलं. नारळवाल्यांची नावं संपादकांनी वर जोडलीच.

वडिलांनी अंक दोनदा वाचला. "ह्यो नायक कोण हाय, ठाव हाय का तुला?"

"नट."

"नट एका दिवसाचा. बाकी वर्षभर चिटबॉय हाय आपल्या भागाचा."

चिटबॉय म्हणजे साखर कारखान्याचा शिवारातला माणूस. कोणाच्या उसाला तोडणीची टोळी कधी लागायची, ती चिठ्ठी त्याच्या हातात. आमच्या उसाला तुरे आले होते. आता जितके दिवस उभा राहील तितकं वजन घटणार.

"दोन ओळी गोड लिहिल्या असत्या तर पेन झिजला असता व्हय?" आई म्हणाली.

आठवड्यात शेजारचं रान मोकळं झालं, आमचं उभंच. चुलते बांधावरून म्हणाले, "समीक्षा लई खोल गेली, पोरी!" मी त्याच नाटकाचं नवं परीक्षण लिहायला बसले. पहिल्या चार ओळींत 'भारदस्त' तीनदा आलं.

रविवारी नायक स्वतःच मोटारसायकलवर आले. "या, या, भाऊसाहेब," म्हणत वडिलांनी खुर्ची पुसली. चहा घेऊन मलाच बाहेर यावं लागलं. त्यांनी खिशातून घडी घातलेला अंक काढला.

"ताई, आवाजाचं बरोबर हाय, घसा बसला व्हता. मुंडाशाचं बी खरं हाय. पण नाव का न्हाई टाकलं? नारळ फोडणाऱ्याचं आलं, मांडववाल्याचं आलं. मी दीड महिना तालमी केल्या. सासरवाडीला अंक धाडला, तर मेव्हणा म्हनतो, ह्यात तुम्ही कुठं हाय?"

इंग्रजी पुस्तकांत नटाला झोडपायचं कसं, ते होतं. झोडपलेल्याला नाव हवं असतं, हे कुठल्याच पानावर नव्हतं.

"आन् टोळी?" वडिलांनी हळूच विचारलं.

"शेजाऱ्याच्या उसाची लागण तुमच्या आधीची हाय, आप्पा. तुमची पाळी उद्या. नाटकाचा काय संबंध?" मग माझ्याकडे वळून, "नाव पुढच्या अंकात, ताई. पुरं टाका."

सोमवारी टोळी आली. भारदस्त परीक्षण मी चुलीत घातलं आणि दुरुस्ती पाठवली: ज्यांचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे पोचला नाही ते कलाकार म्हणजे श्री. अमुक, पुढे त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव, गाव. संपादकांनी चौकट करून छापली. नायकांनी त्या अंकाच्या दहा प्रती घेतल्या.