पाचपैकी पाच

तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण फुकटचा अर्धा मार्क कुणाला दिला नाही. मुख्याध्यापकांच्या भाचीलासुद्धा नाही. निवृत्तीनंतर एकदाच हात सैल सोडला, तोही नेमका नको तिथे.

निगडीहून बस धरून मी थेरगावातल्या एका संस्थेत जायचे. चाकणच्या कंपन्यांत काम मिळावं म्हणून तिथे बायकांना जुळणीकाम शिकवतात. मी कागदपत्रं बघायचे. खरं काम करायची ती तिथली फोनवाली, एकटीच. लातूरकडची, डांगे चौकामागे एका खोलीत दोन मुलींना घेऊन राहणारी. शिकून गेलेल्या बायकांना फोन लावायचा, लागला नाही तर घर शोधत जायचं, काम मिळालं का, टिकलं का, हे विचारून वहीत लिहायचं. एवढीच तिची नोकरी, आणि तिच्यावरच ते घर चालायचं.

बाई जे बोलेल ते ती तस्संच लिही. ‘कंत्राटदारानं काढलं.’ ‘सासू रात्रपाळीला सोडत नाही.’ आणि पानोपानी एकच शब्द: ‘घरीच.’

अहवालात तो शब्द कधी पोचला नाही. आमचे अध्यक्ष म्हणायचे, “बाई, फोन उचलला ना तिनं? मग ‘संपर्कात’ लिहा.” माझ्या डोक्यात तिडीक जायची. लिहायचे मात्र मीच.

मग आम्हाला मदत देणाऱ्या कंपनीकडून एक फॉर्म आला. बायकांचं काय झालं, हे त्यात विचारलंच नव्हतं. संस्थेला स्वतःचं काम तपासता येतं का, असं विचारलं होतं. माहिती नीट गोळा करता का? त्यासाठी पुरेशी माणसं आहेत का? हाती आलेलं पाहून कामात कधी बदल केलात का? प्रत्येक प्रश्नाला पाचपैकी मार्क, आपले आपणच द्यायचे.

ती शेजारीच बसली होती. “खरं लिवा की बाई,” म्हणाली. “एकटीच्यानं होत नाही म्हणावं. वही कुणी वाचत नाही म्हणावं.”

“गप गं! नापास झालो तर आधी तुझीच नोकरी जाईल.”

“बरं. तुमाला जास्त कळतंय.”

काय कळत होतं मला, कपाळ! मार्क म्हटलं की पास-नापास, एवढंच आयुष्यभर शिकले. सगळीकडे पाचपैकी पाच देऊन मोकळी झाले आणि खाली झोकात सही केली.

महिन्याभरात कंपनीचं पत्र आलं. ज्या संस्था स्वतःचं काम तपासण्यात कमी पडतात, त्यांना खास त्यासाठी एक माणूस मिळणार होता, दोन वर्षांच्या पगारासकट. आमची क्षमता परिपूर्ण असल्यामुळे आम्हाला अभिनंदन! अध्यक्षांनी ते पत्र काचेत लावलं आणि म्हणाले, “यंत्रणा पक्की बसलीय आपली. आता फोनवाली कशाला हवी?”

मी भांडले. फॉर्म खोटा आहे, असं तोंडावर सांगितलं. ते हसले. “सही तुमचीच आहे बाई.”

महिनाअखेरीस ती गेली. एका शब्दानं बोलली असती तर बरं झालं असतं. वही माझ्या हातात देऊन एवढंच म्हणाली, “दोन-चार फोन राहिलेत, तेवढे बघा.”

मी एक-दोन लावले, मग राहिले ते राहिलेच. वही कुणी मागितली नाही. मी अजून तिथे जाते. का जाते, मलाच कळत नाही.

परवा शेवटी हिय्या करून तिला फोन लावला. माफी मागायची होती. तोंडून निघाला तो तिचाच रोजचा प्रश्न, “काम मिळालं का गं?”

ती म्हणाली, “वही हाय का समोर?”

“आहे.”

“मग लिवा. माझं नाव लिवा, आन् पुढं लिवा, घरीच.”